ठिगळ लावलेला कान

उजव्या कानाचा पडदा फाटला तेव्हा मी पाण्याखाली पाच-सहा पुरुष खोल होतो. तिथं कसा पोचलो ते आधी सांगतो.

आमचं घर निपाणीचं. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आई विड्या वळायची. वेदगंगेत म्हशींबरोबर डुंबत मी पोहायला शिकलो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नौदलात भरती झालो आणि दम चांगला म्हणून पाणबुड्यांच्या तुकडीत निवडला गेलो. पाठीवर हवेचं सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर काच. आईला हे काही केल्या पटायचं नाही. तिच्या माहेरी आमच्या जातीच्या बायकांना विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. घागर घेऊन काठापासून लांब उभं राहायचं आणि कुणीतरी वरून ओतेपर्यंत वाट बघायची. "आनि तुला पान्यात बुडायचा पगार देत्यात व्हय?" असं ती प्रत्येक सुट्टीत विचारायची.

कराराची वर्षं संपल्यावर परत आलो. बेळगावला उद्यमबागेत एक लहान कंपनी होती. धरणांची दारं, पाणीपुरवठ्याच्या विहिरींच्या जाळ्या, असली पाण्याखालची कामं ती घ्यायची. तिथं लागलो. बायको निपाणीच्या शाळेत शिक्षिका, त्यामुळं बिऱ्हाड निपाणीतच ठेवलं. मी एसटीनं जाऊन-येऊन करायचो.

माझा दोर धरायला एक जण होते, त्यांना मी आप्पा म्हणायचो. वडगावचे विणकर. तरुणपणापासून यंत्रमागावर उभे राहिलेले, त्यामुळं दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. बोलायचे मोठ्यानं, जणू अजून मागाच्या खडखडाटातच उभे आहेत. भावांमध्ये माग वाटले गेले तेव्हा ते घराबाहेर पडले आणि कंपनीत आले. मी पाण्यात उतरलो की माझ्या कमरेचा दोर त्यांच्या हातात. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोडा, भराभर झटके म्हणजे ओढा.

त्या दिवशी शहराला पाणी देणाऱ्या तलावातली, पाइपाच्या तोंडावरची तुंबलेली जाळी मोकळी करायची होती. थंडी सरत आलेली, पण पाणी अजून गारठलेलं. मला थोडी सर्दी होती. खाली जाताना पाण्याचा दाब कानावर येतो. नाक चिमटीत धरून आतून फुंकर मारली की कान मोकळा होतो. डावा झाला, उजवा होईना. परत जोर लावला. ओलं फडकं टरकावं तसा आवाज झाला आणि दुखणं एकदम थांबलं. दुसऱ्याच क्षणी कानात बर्फासारखं पाणी शिरलं आणि सगळं गरगर फिरायला लागलं.

गार पाणी कानाच्या आत गेलं की चक्कर येते, थोड्या वेळानं थांबते, तोवर काहीतरी घट्ट धरून राहायचं, हे आम्हाला शिकवलेलं होतं. मी जाळीची सळई धरली. सळई हातात होती, पण ती डोक्यावर आहे की पायाखाली हे कळत नव्हतं. ओकारी झाली आणि तोंडातली नळी सुटली तर काय, एवढा एकच विचार होता. दोराला झटके दिले, किती ते माहीत नाही. मग काठावर पालथा पडलो होतो, आप्पा माझ्या पाठीवर हात ठेवून बसले होते.

पडद्याला पडलेलं भोक पुष्कळदा आपोआप बुजतं म्हणतात. माझं बुजलं नाही. कान वाहायला लागला. औषधानं थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. त्या बाजूनं कुणी बोललं तर भिंतीपलीकडून बोलल्यासारखं ऐकू यायचं. शेवटी बेळगावातल्या एका कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. वयस्कर, घरची भाषा कानडी, मराठी मोजून-मापून बोलायच्या. त्यांनी आत दिवा टाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "नवीन पडदा बसवावा लागेल. तुमच्याच कातडीखालचा."

"मग पाण्यात जाता येईल?"

त्यांनी दिवा बंद केला. "मी विणकरांचे कान बघितलेत, पैलवानांचे बघितलेत. पाण्याखाली काम करणारा माणूस माझ्याकडे पहिल्यांदा आलाय. तुम्हाला खोटं कशाला सांगू? मला माहीत नाही."

हे उत्तर मला फार जड गेलं. होय म्हणाल्या असत्या तर धीर आला असता, नाही म्हणाल्या असत्या तर मी दुसरं काम शोधलं असतं.

ऑपरेशन मी जागा असताना झालं. कानाभोवती सुया देऊन जागा बधिर केली होती, दुखलं फारसं नाही. पण आवाज. कानाच्या आतच कात्री चालत असेल तर तिचा आवाज किती मोठा असतो हे सांगून कळायचं नाही. कुणी पत्र्यावरून खिळा ओढावा तसं वाटायचं. बाईंनी कानामागं चीर देऊन तिथल्या स्नायूवरचं पातळ आवरण काढलं, कांद्याच्या पापुद्र्याएवढं, आणि ते भोकाखाली सरकवून ठेवलं. कानात औषधाचा बोळा भरला आणि डोक्याला फेटा बांधावा तसं बँडेज बांधलं.

आप्पा भेटायला आले तेव्हा त्यांना सगळा तपशील हवा होता.

"शिवलं कसल्या दोऱ्यानं?"

"शिवलं नाही आप्पा. नुसतं ठेवलंय. आपोआप धरतं म्हणे."

त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून मी परत मोठ्यानं सांगितलं. त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. ते विचारात पडले होते.

"ठिगळ लावायचं आनि टाका घालायचा न्हाय. मग धरतंय कशानं रं?"

आप्पा गेले, पण प्रश्न माझ्यापाशी राहिला. पुढं कित्येक महिने काही उचलायला वाकलो तरी मनात यायचं, टाका नाही, सरकेल.

घरी आल्यावर जपायचं होतं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. अंघोळीला कानात व्हॅसलीन लावलेला कापूस आणि पाणी फक्त गळ्याखाली. बेळगावात हे सोपं गेलं असतं. निपाणीत त्या दिवसांत घराघरात तंबाखू होता. वाऱ्यावर त्याची पूड उडायची, गावात नवीन आलेला माणूस एसटीतून उतरला की शिंकायचा. आम्ही तिथलेच, आम्हाला सवय. पण शिंकायचं नाही असं कुणी सांगितलं की सवय कामाला येत नाही. नाकात जरा हुळहुळलं की मी तोंड वासून, दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसायचो. आणि शिंक झाली की कानात काही ओघळतंय का याकडं सगळं लक्ष.

आई बघत होती. एक दिवस तिनं तंबाखूचं सूप उचललं आणि शेजारच्या आक्कांच्या सोप्यात जाऊन बसली. मी म्हटलं, "आई, इथंच बस. बाहेर जायची काय गरज?"

"तुझ्या नाकापेक्षा माज्या विड्या मोठ्या हैत का?" एवढं बोलून ती गेली. पुढं तीन-चार महिने ती सकाळची जेवून तिकडं जायची ती दिवे लागायच्या वेळी यायची. घरात पाय ठेवायच्या आधी दारात लुगड्याचा पदर झटकायची.

बोळा काढायचा दिवस आला. बायको बरोबर आली होती. बाईंनी चिमट्यानं बोळा काढला आणि बाहेरचे आवाज एकदम आत घुसले. रस्त्यावरच्या सायकलची घंटा, पलीकडच्या खोलीत कुणीतरी कानडीत हाक मारत होतं ती. बायको उजव्या बाजूला उभी होती. तिनं हळूच विचारलं, "आलं ऐकू?" मी मान हलवली. तिनं पदर डोळ्यांना लावला. मला मात्र रडू आलं नाही की बरंही वाटलं नाही. ऐकू येतंय हे ठीक, पण पाण्याखाली ऐकायला पडदा लागत नाही, दाब सोसायला लागतो. मी तेच विचारलं. बाई म्हणाल्या, "वर्ष जाऊ द्या. मग बघू."

त्या वर्षात मी काठावरची कामं केली. कंपनीनं गोव्याकडचा एक पाणबुड्या बोलावला होता. तो उतरायचा आणि मी आप्पांच्या शेजारी उभा राहून बुडबुड्यांकडं बघायचो. काठावरून बुडबुडे बघणं हे पाण्यात असण्यापेक्षा जास्त भीतीचं आहे हे मला तेव्हा कळलं. मालक चांगले होते. कधी काही बोलले नाहीत. फक्त अधूनमधून विचारायचे, "काय म्हणतोय कान?" आणि मी म्हणायचो, "बरा आहे." त्यापलीकडं दोघंही जायचो नाही.

रोजच्या प्रवासात दोन घाट. निपाणी सुटली की लगेच तवंदीचा, आणि काकतीच्या अलीकडं वंटमुरीचा. हे काही मोठे घाट नव्हेत, इतर कुणाला जाणवतही नसेल. मला जाणवायचं. गाडी चढायला लागली की उजवा कान बंद व्हायचा. मग गिळायचं. एकदा, दोनदा, तोंडातली लाळ संपेपर्यंत गिळायचं. कानात बारीक टक् असं व्हायचं आणि आवाज मोकळे व्हायचे. टक् झालं की निर्धास्त वाटायला हवं होतं, पण मला वाटायचं, हे टक् म्हणजे मोकळा झाल्याचं की सुटल्याचं? शेजारी बसलेल्या माणसाशी मुद्दाम काहीतरी बोलायचो, ऐकू येतंय का बघायला. परतीच्या गाडीत सोलापूरला निघालेल्या एका गृहस्थांना मी त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल इतके प्रश्न विचारले की त्यांना वाटलं मी स्थळ घेऊन आलोय.

बायकोचं म्हणणं वेगळं होतं. ती एकदा वह्या तपासता तपासता म्हणाली, "अवो, शाळेत शिपायाची जागा निघालीय. तुम्ही माजी सैनिक, तुम्हाला मिळंल." मी तिच्या पुढ्यातल्या वह्यांचा गठ्ठा सरळ केला. थोड्या वेळानं ती म्हणाली, "मी नको म्हणत न्हाय. पण मला सारखं भ्या वाटतं, ते तरी सांगू द्या."

"मलाही वाटतं," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मी हे तोंडानं कधी बोललो नव्हतो.

वर्ष उलटलं. बाईंनी पुन्हा कानात दिवा टाकला आणि या वेळी म्हणाल्या, "तुम्ही पाण्यात करता तसं करा. नाक धरा आणि फुंका. पण हळू."

माझे हात नाकापर्यंत गेले आणि थांबले. ऑपरेशनपासून मी हे केलं नव्हतं. जी गोष्ट करताना पडदा फाटला तीच करायला त्या सांगत होत्या.

"करा. मी बघतेय."

मी फुंकलं. अगदी हलकं. कानात टक् झालं.

"हललं," त्या म्हणाल्या. "परत करा." परत केलं. "परत हललं. चांगलं धरलंय. पण हे माझ्या खुर्चीत बसून झालं. पाण्यातलं तुम्हीच मला येऊन सांगायचं. आधी उथळ पाण्यात जा. दुखलं तर फिरा. जोर लावायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी."

आप्पांची बहीण बेळगुंदीला दिलेली होती. तिच्या सासरच्या रताळ्याच्या शेतात विहीर होती, जांभ्या दगडात खोदलेली, पायऱ्यांची, पाणी स्वच्छ. आप्पांनी तिथंच करू म्हणून ठरवलं. एका रविवारी कंपनीच्या गाडीतून सिलिंडर घेऊन आम्ही गेलो. आप्पांनी तिच्या घरच्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं होतं, काय नव्हतं, मला माहीत नव्हतं. विचारावं असंही वाटलं नाही. पण गाडीत बसल्यापासून कानाच्या काळजीशेजारी ही दुसरी काळजीही येऊन बसली होती. दुसऱ्याच्या विहिरीत उतरायचं, तेही अख्ख्या अंगानं. नौदलात हा विचार कधी मनात आला नव्हता. समुद्र कुणाच्या शेतात नसतो.

विहिरीच्या काठावर आप्पांच्या बहिणीची सासू बसली होती. खूप म्हातारी. मी पट्टा बांधत असताना तिनं विचारलं, "कुनाचा रं तू?"

मी खरं ते सांगितलं. निपाणीचा, अमुक आळीतला. निपाणी माहीत असलेल्या कुणालाही त्यावरून पुढचं कळतं, आणि तिचं माहेर निपाणीजवळचंच होतं हे मला आप्पांनी आधीच सांगितलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, मग पाण्याकडं बघितलं. आप्पांना ऐकू आलं नसावं, ते दोर उलगडत होते. मी हातातलं बक्कल तसंच धरून उभा राहिलो.

"खाली उजव्या अंगाला दगूड पुढं आलाय," ती म्हणाली. "डोस्कं संबाळ."

मी पायऱ्या उतरलो.

पाणी गळ्याशी आलं तेव्हा छाती धडधडायला लागली. नळी तोंडात धरली, डोकं आत घेतलं. पाणी कानात शिरलं. बाहेरच्या बाजूला, नेहमीसारखं. थंड. मी चक्कर यायची वाट बघत तसाच राहिलो. आली नाही. हातभर खाली गेलो. नाक धरून फुंकलं, डावा टक्, उजवा टक्. आणखी हातभर. पायऱ्यांच्या कडा नीट दिसत होत्या, वर उजेड होता, आणि तरीही माझा एक हात भिंतीचा दगड सोडत नव्हता. बळेच सोडला. खाली जायला लागलो आणि कमरेला हिसका बसला. दोर ताणलेला होता. मी दोन झटके दिले, सोडा म्हणून. दोर हलला नाही. परत दोन. नाहीच.

वर आलो, नळी काढली. "आप्पा, दोर सोडा की."

"सोडलाच हाय की."

सोडला नव्हता. दोराला त्यांनी मनगटाभोवती दोन वेढे दिले होते आणि मूठ अशी आवळली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. त्यांनाही ते तेव्हाच दिसलं असावं. ते पायरीवर बसले.

मी पाण्यातून निम्मा बाहेर येऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसलो. मग ते, त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात, म्हणाले, "त्या दिशी तुला वर काढलं तवा तुजं डोळं गरागरा फिरायलते. असं, इकडनं तिकडं. मी माज्या जल्मात तसं डोळं बगितलं न्हाईत. मला वाटलं ह्यो गेला. तुज्या आईला काय सांगू, ह्येच डोक्यात."

"मला बोलला नाहीत कधी."

"काय बोलायचं? तुज्या कानाला झाल्तं. मला काय झाल्तं?"

मी त्यांना सांगितलं की डोळे फिरले ते कानात गार पाणी गेल्यामुळं, त्यात जीव जायचं काही नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते कळलं नाही. मग म्हणाले, "दुसऱ्या कुनाला दोर दिऊया का?"

"नको."

"माजा हात सैल सुटंना रं."

"सुटेल. मी वीतभर जातो, तुम्ही वीतभर सोडा."

असंच केलं. मी थोडं जायचो, थांबायचो, एक झटका द्यायचो. वरून एक झटका यायचा आणि दोर सैल व्हायचा. मग परत. दरवेळी नाक धरून हलकी फुंकर. उजवा कान डाव्यापेक्षा उशिरा मोकळा व्हायचा, आणि त्या मधल्या वेळात माझं सगळं आयुष्य त्या टक् ची वाट बघत थांबायचं. तो पुढं आलेला दगड लागला, त्याला वळसा घातला. पाय तळाच्या गाळात रुतले तेव्हा मला आधी कळलंच नाही की हा तळ आहे. विहीर काही फार खोल नव्हती. मी तिथं उभा राहिलो आणि वर बघितलं. उजेडाच्या गोल तुकड्यात आप्पांचं डोकं आणि त्याशेजारी म्हातारीचं डोकं, दोघंही वाकलेली.

बाहेर आलो तर आप्पांच्या बहिणीनं उकडलेली रताळी आणि चहा आणला. म्हातारीनं मला आपल्याशेजारी बसायला सांगितलं आणि तळाला गाळ किती आहे, तो काढायला कोण येईल, याबद्दल विचारत राहिली. कानाविषयी तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला वाटत होतं आप्पांनी विहीर बघायला माणूस आणलाय.

विहीर जमली म्हणजे तलाव जमेल असं नव्हतं. त्या उन्हाळ्यात गोव्याचा पाणबुड्या परत गेला आणि तलावातली तीच जाळी पुन्हा तुंबली. मालकांनी विचारलं. "नाही म्हणालास तरी चालेल. बाहेरून माणूस मागवू, दोन-चार दिवस लागतील." शहरात नळाला पाणी येणं आधीच कमी झालं होतं. मी म्हणालो, बघतो. घरी सांगितलं तेव्हा बायकोनं फक्त विचारलं, "सर्दी न्हाय न्हवं?" आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला, जणू सर्दी कपाळावर कळते.

सकाळी गाडीत मी सतत नाकानं श्वास घेऊन बघत होतो. एका नाकपुडीनं, मग दुसऱ्या. काठावर आप्पांनी दोर बांधला, गाठ दोनदा ओढून बघितली. या वेळी मनगटाला वेढे घेतले नाहीत हे त्यांनी मला हात वर करून दाखवलं.

तलावाचं पाणी गढूळ होतं. चार हात खाली गेल्यावर स्वतःचा हात दिसेना. दोन पुरुष गेलो, कान ठीक. तीन पुरुष. उजवा अडला. फुंकर मारली, नुसती पीं अशी बारीक शिट्टी आली आणि दुखायला लागलं, त्याच जागी, तसंच. माझं अंग पाण्यातही घामानं भिजल्यासारखं झालं. जाळी आणखी खाली होती. जोर लावायचा नाही, बाईंचा आवाज आला. मी हातभर वर आलो. दुखणं कमी झालं. जबडा पुढं-मागं केला, गिळलं, परत फुंकलं. टक्. परत खाली. परत अडला. परत वर. असं किती वेळा केलं ते सांगता येणार नाही. वर आप्पांना काय वाटलं असेल? दोर कधी खाली, कधी वर, पण त्यांनी ओढला नाही. मी एक झटका दिला की एक झटका परत यायचा.

शेवटी पाय सळईला लागले. मी दोन्ही हातांनी जाळी धरली आणि नुसता श्वास घेत राहिलो. काही फिरत नव्हतं. वर वर होतं, खाली खाली होतं. मग विळा काढला आणि फांद्या कापायला लागलो. शेवाळाचे गुंते हातानं ओढून बाजूला सारले. थोड्या वेळानं हाताला पाण्याची ओढ जाणवली, जाळी श्वास घ्यायला लागली म्हणजे काम झालं. एक कोपरा राहिला होता, थोडा आणखी खाली. तिकडं वाकलो तर कान परत ठणकला. मी तो कोपरा सोडून दिला आणि वर आलो.

मास्क काढला तर नाकातून थोडं रक्त आलेलं. आप्पांनी ते बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं. मी म्हणालो, "नाकातलं आहे, कानातलं नव्हे." ते म्हणाले, "तुला काय म्हाईत?" खरंच होतं, मला काय माहीत. मालक काठावर उभे होते, त्यांना मी सांगितलं की कोपरा राहिलाय आणि आज परत उतरणार नाही. ते म्हणाले, "पाणी चालू झालंय. राहू दे." त्यांनी स्वतःच गाडी बाईंच्या दवाखान्याकडं वळवली.

बाहेर बाकावर बसलो होतो तो वेळ त्या सगळ्या वर्षातला सर्वांत लांब वेळ. आप्पा शेजारी. मी त्यांना म्हणालो, "आप्पा, उजव्या बाजूनं काहीतरी बोला." त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय बोलू?" दवाखान्यातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या आवाजावरून कानाची परीक्षा होणं शक्यच नव्हतं. मला हसू आलं, आणि त्यांनाही, कशाला ते न कळता.

बाईंनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "लाल झालंय. पण शाबूत आहे." मग खुर्चीत मागं टेकून म्हणाल्या, "आता मला सांगा. खाली काय झालं? सगळं सांगा."

मी सांगितलं. किती खोल गेल्यावर अडला, शिट्टी कशी आली, वर येऊन परत कसं केलं. त्या मध्ये मध्ये विचारत होत्या, दुखणं आधी की शिट्टी आधी, डावा कान त्या वेळी काय करत होता. शेवटी म्हणाल्या, "त्या कानाला तेवढंच जमेल. त्याच्यापेक्षा जास्त मागू नका."

मी मागितलं नाही. पुढची सहा-सात वर्षं मी काम केलं, कणकुंबीच्या बाजूपासून चिकोडीपर्यंत, पण खोल कामं दुसऱ्यांची. दरवेळी पाण्यात डोकं घालायच्या आधी छातीत व्हायचं ते व्हायचंच, ते कधी गेलं नाही. आप्पांचं गेलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर संध्याकाळच्या एसटीनं घरी पोचलो. आई आता आमच्याच सोप्यात बसून विड्यांचे कट्टे बांधत होती. बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि आत जाऊन अंघोळीचं पाणी तापत ठेवलं. जेवताना तिनं विचारलं, "उद्या सुट्टी हाय?"

"न्हाय," मी म्हणालो. "दोन दिवस काठावरचं काम हाय. मग बगू."